काचेच्या पाठीवरची अक्षरं

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा माणसांनी ओरडूनच बोलायचं असतं अशी माझी समजूत होती. घरामागे यार्ड. दिवसभर डबे एकमेकांवर आदळायचे, इंजिनं वाफ सोडायची, शिट्ट्यांचा तर हिशेबच नव्हता. मधूनच एखाद्या क्षणी सगळं थांबलं की भाकरी थापताना आईचे हात थांबायचे आणि ती म्हणायची, "काय झालं गं, गाड्या बंद पडल्या का काय?" आप्पा, म्हणजे माझे वडील, डबे दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर होते. ते घरी यायचे तेव्हा आधी तेलाचा वास यायचा, मग ते. शेजारी मद्रासकडचे एक गार्ड राहायचे. त्यांच्याकडून इडल्या यायच्या, आमच्याकडून बाजरीची भाकरी आणि ठेचा जायचा. त्या घरच्या बाई ठेचा खाऊन पदराने डोळे पुसायच्या आणि चार दिवसांनी पुन्हा वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. आणि या सगळ्यावर, इडल्यांवर, भाकरीवर, वाळत घातलेल्या सदऱ्यांवर, कोळशाची बारीक काजळी बसायची. आई दिवसातून तीनदा खिडकीची काच पुसायची आणि तिन्ही वेळा रेल्वेचा उद्धार करायची. "आगं, तिच्याच जिवावर जेवतोय आपण," आप्पा म्हणायचे. मग ती आणखी जोरात पुसायची.

त्या काजळीवर मी बोटानं अक्षरं काढायचे. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं आणि हाताला काहीतरी चाळा हवा असायचा. एकदा शिंदे पेंटर आमच्या ओळीतल्या क्वार्टरांवर नंबर टाकायला आले होते. आमच्या खिडकीसमोर ते ब्रश हातात धरून उभेच राहिले. काचेवर मी माझं नाव लिहिलं होतं, सुमन, आणि 'न'च्या दांडीला एक उगाचच वेलांटीदार शेपूट काढलं होतं. "ही अक्षरं कुणाची?" त्यांनी विचारलं. आईला वाटलं, सरकारी काच खराब केली म्हणून तक्रार आहे. ती म्हणाली, "पुसून टाकते, दादा." शिंदे म्हणाले, "पुसू नका. पोरीला माझ्याकडं पाठवा. माझी नजर गेलीया, बारीक काम व्हत न्हाई आता."

शिंदेमामा गावातल्या सिनेमा थिएटरच्या स्लाइडी लिहायचे. आता ही गोष्ट नव्या पिढीला सांगावी लागते. खेळ सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर काचेच्या पाट्या दाखवायचे. शांतता राखा, विडी ओढू नका, अमक्याची सोडा फॅक्टरी, तमक्याचं कापड दुकान. तळहाताएवढी काच कंदिलावर धरून काळी करायची आणि सुईने त्यावर अक्षरं कोरायची. उजेड त्या कोरलेल्या वाटेनं पडद्यावर जायचा. आमच्या घरात काजळी हा शत्रू होता आणि मामांच्या दुकानात ती मुद्दाम तयार करत होते, याची मला मोठी गंमत वाटायची. आप्पांनी जायला परवानगी दिली ती एका अटीवर, दुकानाचं दार उघडं राहिलं पाहिजे. मामा म्हणाले, "दार लावलं तर मला दिसंल तरी का?"

मामा शिकवताना फार बोलायचे नाहीत, पण जे बोलायचे ते आजही माझ्या कानात आहे. काच कडेला धरायची. अंगठा उमटला तर पडद्यावर तो बैलाच्या पावलाएवढा दिसतो. पुसायला जुनं, पुष्कळदा धुतलेलं धोतर. शब्द कमी. मी पहिल्यांदा एका काचेवर दुकानाचं नाव, मालकाचं नाव, मालकाच्या वडिलांचं नाव, पत्ता आणि 'एकवार भेट द्या' असं सगळं बसवलं, तेव्हा मामांनी ती काच हातभर लांब धरली आणि माझ्यापुढे केली. "वाच." मला वाचता येईना. "हातभर लांबून वाचता येत न्हाई ते शेवटच्या बाकावरच्याला काय दिसणार? त्यानंबी तिकीट काढलंय." आणि सगळ्यात शेवटी शिकवलं ते फोटोच्या स्लाइडीचं. फोटोची फिल्म दोन काचांच्या मधे असते आणि चारी कडांना काळी पट्टी चिकटवलेली असते. त्यावर काही लिहायचं असेल तर पट्टी सोडवायची, काच उघडायची आणि आतल्या बाजूला, फिल्मच्या अगदी लगत लिहायचं. शाई पुरती रात्रभर वाळू द्यायची, नाहीतर ती फिल्मला चिकटते. मग पुन्हा पट्टी लावायची. "अक्षर काचेच्या पोटात पायजे," मामा म्हणायचे, "पाठीवर न्हाई. पाठीवर लिवलं तर अक्षर एका जागी, चित्र एका जागी. भिंगाला दोन्ही एकदम धरता येत न्हाईत. हातात घेऊन बघशील तर दोन्ही चांगली दिसत्यात. डोळा फसतो. म्हणून भिंतीवर टाकून बघायचं."

माझी नात परवा कॉलेजात दाखवायच्या स्लाइड्स कॉम्प्युटरवर करत होती. एवढासा फोटो तिने ताणून पडदाभर केला होता आणि माणसांचे चेहरे पिठात कालवल्यासारखे झाले होते. खाली मुंग्यांसारखी अक्षरं. मी म्हटलं, "खोलीच्या त्या टोकाला जाऊन वाच बघू." ती म्हणाली, "आजी, तुला हे कसं कळतं?" मला कळतं. कळत असूनही एकदा केलं नाही, म्हणून तर हे प्रकरण लिहायला बसले आहे.

माझा थोरला भाऊ अशोकदादा तेव्हा शिरूर तालुक्यात आरोग्य खात्यात नोकरीला होता. खालचं पद. सायकलवरून वाडी-वस्ती फिरायचं, घरोघरी जाऊन कोण आजारी आहे ते लिहून घ्यायचं. रविवारी तो दौंडला यायचा आणि आई त्याच्यासाठी हुलग्याच्या शेंगोळ्या करायची. लसणाची फोडणी पडली की यार्डातल्या कोळशाचा वास घटकाभर मागे सरायचा. दादा शेंगोळ्या खाता खाता वस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक वस्ती आमच्या घरचीच होती. कवठे येमाईच्या अलीकडे, तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या बौद्ध वस्तीत आप्पांची बहीण, आमची आत्या, राहायची. तिची मुलगी विमल माझ्याच वयाची. वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. नर्सचं शिक्षण घ्यायला पुण्याला जायचं तिनं पक्कं ठरवलं होतं आणि सुट्टीत आमच्याकडे आली की ती आईवर नर्सपणाचा सराव करत असे. रुमालाची टोपी घालून "पेशंट, जीभ दाखवा" म्हणायची. आई जीभ दाखवायची.

त्या वस्तीला पाणी एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचं. बायका घोटाभर पाण्यात उतरून हंडे भरायच्या. आणि दर उन्हाळ्यात वस्तीत नारू निघायचा. हा रोग आता गेला, त्याचं नावही लोक विसरले, ते बरंच झालं. पायातून सुतासारखा पांढरा किडा निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा. ओढायला गेलं आणि तुटला तर पाय सडायचा. आज ज्या पाण्यात किडा आहे ते प्यालं की वर्षभरानं तो पायात निघतो, हे दादा वस्तीत सांगून थकला होता. पाणी फडक्याने गाळून घ्या, तो सांगायचा. घरात बायका गाळायच्याही, पण रानात तहान लागल्यावर फडकं कोण शोधतो? एकच उपाय होता, बोअर खणून हातपंप बसवायचा. त्या हिवाळ्यात त्या भागाला एकच बोअर मंजूर झाली होती आणि ती कुठे घ्यायची हे शिरूरच्या एका सभेत ठरायचं होतं. मागणारी गावं चार.

दादाने एका मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि विहिरीचे, पाण्यात उभ्या बायकांचे, हिवाळ्यातच नारू निघालेल्या दोघा-तिघांच्या काडी गुंडाळलेल्या पायांचे फोटो काढले. दौंडच्या फोटो स्टुडिओत त्याच्या सात स्लाइडी करून घेतल्या. प्रत्येकीत खाली कोरी जागा ठेवली होती, अक्षरांसाठी. एका रविवारी जेवण झाल्यावर त्याने ती डबी माझ्या मांडीवर ठेवली. "सुमे, हे तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "सभेत मला बोलायचं नाही. आमच्यासारख्याने बोलायची पद्धतच नाही. मी फक्त काच सरकवणार. आमचे साहेब पडद्यावर असेल ते वाचून दाखवतात. तिथे जे लिहिलेलं असेल तेवढंच सभेला कळणार. म्हणून अक्षर असं काढ की त्यांना वाचावंच लागेल."

मी मजकूर शिंदेमामांना दाखवला. दादाने पहिल्या फोटोसाठी चार ओळी लिहिल्या होत्या. मामा म्हणाले, "एवढं पुराण?" आणि आम्ही दोघांनी मिळून ते चार शब्दांवर आणलं. 'या पाण्यात नारू आहे.' मामांनी मला बजावलं, "पट्ट्या सोडव, आतून लिव्ह. घाई करू नकोस. आन् लिवून झालं की मॅनेजरला सांगून दुपारी थिएटरात टाकून बघ." मी मान हलवली. माझ्याकडे पूर्ण आठवडा होता.

पण त्याच आठवड्यात माझ्याकडे आणखी एक काम आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा सगळा जीव त्यात गेला होता. लग्नसराई जवळ आली होती आणि एका साडीच्या दुकानाची स्लाइड मामांनी मला एकटीला करायला दिली होती. मी अक्षरांभोवती वेल काढली, वेलीला पानं, पानांना शिरा, कोपऱ्यात एक पदर घेतलेली बाई, तिच्या नाकात नथ. दोनदा कोरलं, दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुन्हा कंदिलावर काच धरली. मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी नवा सिनेमा लागणार होता आणि त्याच्या आधी माझी काच पडद्यावर पडणार होती. शुक्रवारच्या दुपारच्या खेळाला मी आईला घेऊन गेले. सिनेमा कोणता होता ते मला आठवत नाही. ती नथ मात्र आठवते. पडद्यावर ती माझ्या डोक्यापेक्षा मोठी होती आणि तिचा एकेक मोती स्वच्छ दिसत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "वा!" शनिवारी मी पुन्हा गेले, आईला न सांगता, फक्त ती पाच सेकंदं बघायला.

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा दादाची डबी फळीवर तशीच होती. तो दुपारी येणार होता. काचा उघडून आतून लिहिलं तर शाई वाळायला रात्र हवी, आणि रात्र तर मी झोपून काढली होती. मी थोडा वेळ डबी घेऊन नुसतीच बसले. मग टाक उचलला आणि बाहेरूनच लिहिलं. काचेच्या पाठीवर. तासाभरात सातही झाल्या. खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिली. फोटो स्पष्ट, अक्षरं सुबक, ठसठशीत. मला वाटलं, मामा उगाच बाऊ करतात. खोटं कशाला लिहू, मला असं वाटलं नाही. मी ते स्वतःला वाटायला लावलं.

दादा आला, शेंगोळ्या झाल्या, त्याने हात धुऊन डबी उघडली आणि एकेक काच उजेडाला धरली. त्याचा चेहरा उजळला. "सुमे, छाप्यासारखं काढलंस!" मग त्याने विचारलं, "भिंतीवर टाकून बघितल्यास ना?" आई पलीकडे ताक घुसळत होती. मी म्हणाले, "हो." एवढंच. विचार करून म्हणाले असते तर कदाचित नाही म्हणाले असते, पण ते तोंडातून सुटलं आणि मग ते परत घ्यायला सबंध दिवस हाती असूनही मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादाबरोबर एस.टी.ने शिरूरला गेले. डबी माझ्या मांडीवर. खड्ड्यात गाडी आदळली की मी ती उचलून धरायचे. एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. दुपारची वेळ, म्हणून खिडक्यांना घोंगड्या आणि पोती लावून अंधार केला होता आणि आत गुळाचा, पोत्याचा आणि माणसांचा वास कोंडला होता. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि तालुक्यातली वजनदार मंडळी. पांढऱ्या टोप्यांची एक ओळ. मागे सतरंजीवर चारही गावचे लोक. आत्या आणि विमल वस्तीतल्या पाच-सहा बायकांबरोबर भल्या सकाळी निघून आल्या होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. विमलने माझा हात धरला. "तू लिवलंयस ना? आता झालंच आपलं काम," ती म्हणाली.

प्रोजेक्टर चालवायला प्रचाराच्या गाडीवरचे गनीमामा होते, वयस्कर, मेंदी लावलेली दाढी. गावोगाव जाऊन हेच करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी दिवा लावला, दादाने पहिली काच सरकवली आणि पडद्यावर विहीर आली. गनीमामांनी भिंग फिरवलं. विहीर अशी स्वच्छ आली की दगडांच्या सांध्यातलं गवत दिसावं. काठोकाठ पाणी, पाण्यात जांभळाच्या झाडाची सावली, पायरीवर हंडा घेतलेली बाई. आणि खाली, जिथे माझी अक्षरं होती, तिथे एक करडा पट्टा, पाणी लागून पसरलेल्या शाईसारखा. मला त्या क्षणीच कळलं. हॉलमध्ये हे कळलेली मी एकटीच होते.

"खाली काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं. गनीमामांनी पुन्हा भिंग फिरवलं. आता अक्षरं उमटू लागली, आधी कडेची, 'या पाण्यात' एवढी, सुबक, ठसठशीत, आणि विहिरीचा नुसता धूर झाला. पुढच्या ओळीत कुणीतरी हसलं. "चित्र घालवलं की वो!" गनीमामांनी पुन्हा मागे घेतलं. विहीर आली, अक्षरं गेली. ते पुटपुटत होते, "चित्र धरलं तर अक्षर जातंय, अक्षर धरलं तर चित्र जातंय, ये क्या बात हुई." साहेब वैतागले. "राहू द्या चित्रच. त्याच्याशी खेळत बसू नका." आणि मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे ते पडद्याकडे बघून सभेला सांगू लागले. वाचायला काही नव्हतं, म्हणून जे दिसलं ते सांगितलं. "ही बघा मंडळी, आपल्या तालुक्यातली जुनी विहीर. पाण्याला काय तोटा नाही. बांधकामही उत्तम आहे." टोप्यांच्या ओळीतून एकजण म्हणाला, "एवढं पाणी आमच्याकडं असतं तर आम्ही कशाला आलो असतो हितं?" सगळे हसले.

मी दादाकडे पाहिलं. तो प्रोजेक्टरच्या उजेडाच्या कडेला उभा होता, हातात दुसरी काच. त्याने तोंड उघडलं. साहेबांनी हातानेच खूण केली, पुढची. त्याने पुढची सरकवली. विमल माझ्या कानाशी म्हणाली, "सुमे, काय लिवलंय गं? मला चष्मा लागला का काय?" मला उभं राहून ओरडता आलं असतं. 'या पाण्यात नारू आहे' हे चारच शब्द होते आणि ते मला पाठ होते. यार्डाच्या आवाजावर मात करत वाढलेली मी, माझा आवाज त्या हॉलच्या पार बाहेर गेला असता. पण उभी राहिले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग हे दिसत का नाही? आणि मला सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले. पायांचे फोटो आले तेव्हा साहेब म्हणाले, "हे काय? जखम झालेली दिसते," आणि पुढच्या ओळीतल्यांना ते बघायला आवडेना, म्हणून उरलेल्या काचा त्यांनी भराभर सरकवायला लावल्या. बोअर दुसऱ्या गावाला गेली. त्या गावालाही पाण्याची गरज होती, हे मी न्यायानं लिहिलं पाहिजे. पण त्या गावात नारू नव्हता.

परतीच्या एस.टी.त दादा खिडकीशी बसला होता. भीमेचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, "चूक माझी आहे. विहीर भरलेली असताना मी फोटो काढायलाच नको होता. चित्र बघून कुणालाही वाटेल, काय सुंदर पाणी. आणि अक्षर आणि चित्र एका काचेवर घ्यायचं नसतं वाटतं, हे मला कुणाला तरी विचारायला हवं होतं." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतेस? तुझी अक्षरं चांगलीच होती गं. दिसली ना मधे, किती छान दिसली." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं आपण लिहितो, म्हणतो. मला मात्र तेव्हा खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं. त्या सुटकेचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

शिंदेमामांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "त्यांचं मशीनच खराब होतं." मामांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी मी मान खाली घातली. महिनाभराने मी दुकानात जाणं बंद केलं आणि चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला गेले. पुढे तीस वर्षं मी पोरांना चित्रकला शिकवली. काम अर्धवट करून आणणाऱ्या पोरांना मी फार बोलायचे. दादाने कॅमेरा मित्राला परत केला आणि पुन्हा कधी हातात धरला नाही. घरातल्या लग्नातसुद्धा कुणी म्हटलं, "अशोक, एक फोटो काढ की," तर म्हणायचा, "मला येत नाही ते." मी तिथेच असायचे.

वस्तीला बोअर मिळाली ती दोन उन्हाळ्यांनंतर. त्यातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात विमलच्या घोट्यातून नारू निघाला. पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि तिला पाय टेकता येत नव्हता. काढताना किडा तुटला. पाय सुजून काळानिळा झाला, आणि पुढे घोटा आखडला तो कायमचा. नर्सच्या शिक्षणाचं राहिलं ते राहिलंच. तिचं लग्न झालं, मुलं झाली. वर्षातून एकदा कुठल्यातरी कार्यात आम्ही भेटायचो, आणि ती एक पाय ओढत माझ्याकडे आली की मी लहान मुलांशी काहीतरी बोलायला लागायचे. दादा गेला त्याला आता बारा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी आठ दिवस त्याच्या उशाशी होते. रोज ठरवायचे, आज सांगू. तो म्हणायचा, "सुमे, जरा बडबड कर, तू गप्प बसलीस की घर खायला उठतं." मी बडबड केली. हे सोडून सगळी केली.

गेल्या वर्षी मी यवतला गेले. विमल आता तिथे मुलाकडे असते. हायवेला लागून त्याचं टायरचं दुकान आहे आणि मागे घर. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती, आखडलेला पाय पुढे पसरून. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. साडीच्या दुकानाची काच, नथ, फळीवरची डबी, रविवारची सकाळ, दादाला म्हटलेलं 'हो'. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. बाहेर ट्रक जात होते. विमलचे हात थांबले नाहीत, ती लसूण सोलत राहिली.

"म्हंजी तुला येत व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"आतनं लिवायचं असतं, ते ठावं व्हतं?"

"हो."

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "येत नसतं तर काय न्हाई गं," ती म्हणाली. "ज्याला येत न्हाई त्याला कोण काय म्हणणार?" मग तिने लसणाचा दुसरा गड्डा फोडला. मला वाटलं, आता ती माझ्यावर ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं.

"अशोकदादा आला व्हता," ती म्हणाली.

"कधी?"

"माझा पाय सुजला व्हता तवा. मी आत आंथरुणावर व्हते. त्यो आधी आत आला न्हाई, दारातनंच आईच्या पाया पडला. म्हणला, आत्या, मी फोटू चुकीचा काढला, माझ्यामुळं तुमची बोअर गेली. आईनं त्याला धरून उठवला. आई म्हणली, आरं तू तरी केलंस आमच्यासाठी, दुसरं कोण करतंय? तरी रडत व्हता. मग आत येऊन माझ्यापुढंबी हात जोडलं त्यानं. एवढा थोरला माणूस. मला म्हणला, विमल, तुझा पाय माझ्यामुळं गेला."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दादानेही नाही, आत्यानेही नाही. जी माफी मागायला मी पन्नास वर्षांनी यवतला आले होते ती तो तेव्हाच मागून गेला होता, आणि ती आपली नाही हे त्याला ठाऊकही नव्हतं.

विमलने पहिल्यांदाच लसणावरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तवा तू कुठं व्हतीस गं, सुमे?"

"घरीच व्हते," मी म्हणाले.